पुट अप विथ

पुस्तकांची परीक्षणं लिहिणाऱ्या मंडळींचा मला हेवा वाटतो. चारशे पानांचं पुस्तक चाळायचं आणि शेवटी 'मुद्रणदोष टाळता आले असते तर बरे झाले असते' असं लिहून मोकळं व्हायचं! माझी मजल तेवढी नाही. मी आज फक्त दोन शब्दांचं परीक्षण करणार आहे. दोन्ही मिळून इंग्रजी अक्षरं पाच. पहिला शब्द 'पुट' आणि दुसरा 'अप'. यातल्या 'पुट'चा उच्चार 'बट'सारखा का नाही, हा विनोद आजवर इतक्या जणांनी केला आहे की मी तो करणार नाही. शिवाय उच्चार हा या शब्दाचा सगळ्यांत निरुपद्रवी भाग आहे. खरा उपद्रव अर्थाचा. या पाच अक्षरांनी माझी जेवढी शोभा केली, तेवढी माझ्या पंचवीस वर्षांच्या गोपनीय अहवालांनीही केली नव्हती.

शाळेत आमच्या इंग्रजीच्या मास्तरांनी एका तासात 'पुट'चं अख्खं कुटुंब फळ्यावर आणून बसवलं होतं. पुट ऑन म्हणजे अंगात घालणे, पुट ऑफ म्हणजे लांबणीवर टाकणे, पुट आउट म्हणजे विझवणे, पुट डाउन म्हणजे खाली ठेवणे. बंड असेल तर मोडणे. आम्ही ते पावकी-निमकीच्या चालीवर पाठ केलं. 'पुट अप म्हणजे उभारणे' इथपर्यंत आलो आणि घंटा झाली. दुसऱ्या दिवशी मास्तर 'रन'वर गेले. ती घंटा दोन मिनिटं उशिरा झाली असती तर पुढचं सगळं टळलं असतं, असं मी बरीच वर्षं सांगत आलो. ते खरं नाही, पण सोयीचं आहे.

पुढे 1968 साली मी नोकरीला लागलो. कचेरी सरकारी होती, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. तिसऱ्याच दिवशी साहेबांकडून एक फाईल परत आली आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'पुट अप'. मी शाळेतला तक्ता आठवला. उभारणे! आता फाईल उभारायची म्हणजे काय करायचं? मी ती टेबलावर, भिंतीला टेकवून उभी करून ठेवली. दुपारपर्यंत ती तशीच उभी होती. शेवटी शेजारच्या टेबलावरचे जुने कारकून म्हणाले, "अहो, तो काय गणपती आहे का? पुट अप म्हणजे टिपणी लिहून वर पाठवा."

तेव्हा कळलं की कचेरीला दोनच दिशा असतात. कागद वर जातो तेव्हा तो पुट अप होतो आणि खाली येतो तेव्हा मार्क डाउन. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम 1964 सालचा. त्यानंतर टिपण्या मराठीत आल्या, 'पुट अप'चं 'सादर करावे' झालं. पण साहेबांच्या हाताला सवय इंग्रजीची. खाली दीड पान शुद्ध मराठी, 'प्रस्तुत प्रकरणी' आणि 'यास्तव' यांनी ओथंबलेली, आणि तिच्या डोक्यावर मात्र ती पाच अक्षरं. त्यातही साहेबांचा आवडता शेरा होता, 'पुट अप विथ प्रीव्हियस पेपर्स'. म्हणजे आधीचे कागद जोडून सादर करा. हा शेरा मी किती वेळा वाचला असेन याचा हिशोब नाही. 'पुट अप विथ' म्हणजे 'सोबत घेऊन हजर होणे', हा अर्थ माझ्या अंगात इतका मुरला की त्याला दुसरा अर्थ असेल अशी शंकाही कधी शिवली नाही.

त्यात भर मुंबईच्या इंग्रजीची. कचेरीत नवा माणूस आला की पहिला प्रश्न, "व्हेअर आर यू पुटिंग अप?" म्हणजे राहता कुठे. इंग्रज हे वाक्य वापरतो ते खाणावळीच्या, हॉटेलच्या किंवा पाहुण्याच्या बाबतीत. दोन-चार रात्रींचा मुक्काम, पाचव्या दिवशी बॅग उचलून चालता. आपण ते कायमच्या घराला लावून टाकलं. मी स्वतः आधी गिरगावात चुलतभावाकडे 'पुट अप' झालो, दोन महिन्यांसाठी म्हणून. त्याचे झाले अकरा महिने. मग डोंबिवलीत झालो, त्याला आता पन्नास वर्षं उलटून गेली. मुलं इथंच झाली, वडील इथंच गेले. इंग्रजाच्या हिशोबानं मी अजून धर्मशाळेतच आहे. जाणकार लोक हा प्रयोग चुकीचा म्हणून हसतात. मला तो तितका चुकीचा वाटत नाही. मुंबईला आलेला कोणता माणूस कायमचं राहायचं म्हणून आला होता?

तर या दोन शिदोऱ्या, एक कचेरीची आणि एक लोकलगाडीतली, बरोबर घेऊन मी 1994 साली एक पत्र लिहायला बसलो.

माझा भाचा, म्हणजे अक्काचा मुलगा, इंजिनियर. तो लंडनजवळ स्थायिक झालेला. 1989 साली त्यानं तिथल्याच एका मुलीशी लग्न केलं. मुलगी इंग्रज, लहान मुलांच्या शाळेत शिक्षिका. रजा साठली होती, जरा पैसे होते, आमच्या हिला लंडन पाहायचं होतं. भाचा त्या दिवसांत कामासाठी सारखा बाहेरगावी असायचा, तेव्हा पत्र भाचेसुनेलाच लिहावं असं ठरलं. निळ्या एरोग्रामवर मी ते लिहिलं. त्याआधी दोनदा कच्चं लिहून काढलं, काळ तपासले, 'अ' आणि 'द' जागच्या जागी आहेत ना ते पाहिलं. आणि शेवटी, आम्ही तुमच्याकडे तीन आठवडे उतरू इच्छितो, हे सांगण्यासाठी लिहिलं, "वुइ शॅल पुट अप विथ यू फॉर थ्री वीक्स."

ज्यांना इंग्रजी येतं त्यांचं हसून झालं असेल तर पुढे जातो. ज्यांना माझ्याइतपतच येतं त्यांच्यासाठी खुलासा: 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणे. खपवून घेणे. नाइलाजानं चालवून घेणे. मी माझ्या भाचेसुनेला कळवलं होतं की, 'आम्ही तुम्हाला तीन आठवडे कसंबसं सहन करू.'

तिचं उत्तर आलं. पत्र लहानसंच होतं. आमचे तीन आठवडे सुसह्य व्हावेत असा ती आटोकाट प्रयत्न करील. आणि आमची इच्छा असेल तर घराजवळ एक चांगलं 'बेड अँड ब्रेकफास्ट' आहे, तिथंही सोय होऊ शकेल. मी ते पत्र हिला वाचून दाखवलं आणि म्हणालो, "बघ, इंग्रज माणूस किती विनयशील असतो! बेडही देणार म्हणते आणि ब्रेकफास्टही."

आम्ही गेलो. घर इतकं स्वच्छ होतं की चप्पल कुठे काढावी कळेना. ती मुलगी दिवसातून सहा वेळा विचारायची, सगळं ठीक आहे ना? उशी बरी आहे ना? चहा फार कडक नाही ना? आम्ही बोललो की ऐकायची, पण स्वतः होऊन बोलायची नाही. परीक्षक वर्गात असताना मुलं बसतात तशी ती स्वतःच्या घरात बसायची. हिनं मला रात्री हळूच विचारलं, "आपलं काही चुकलं का हो?" मी म्हणालो, "नाही गं, हे लोक असेच असतात." आपल्याला न कळलेल्या गोष्टीला 'हे लोक असेच असतात' हे उत्तर फार सोपं असतं.

चौथ्या दिवशी भाचा घरी आला. रात्री जेवण झाल्यावर त्यानं कपाटातून निळा एरोग्राम काढला आणि म्हणाला, "मामा, हे तुम्ही काय लिहिलंय?" मी वाचलं. मला ते अजूनही उत्तमच वाटलं. मग त्यानं अर्थ सांगितला आणि हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला. मीही हसलो. हीसुद्धा, काही न कळता, हसली. ती मात्र हसली नाही.

ती का हसली नाही हे मला एका मिनिटानं कळलं, आणि ते कळल्यावर मीही हसायचा थांबलो. अक्का त्यांच्या लग्नाला गेली नव्हती. प्रकृतीचं कारण कळवलं होतं. प्रकृती ठणठणीत होती. पहिली दोन वर्षं अक्काच्या पत्रांत मुलाची चौकशी असे, सुनेचं नाव नसे. पुढे ती दोघं पुण्याला येऊन गेली, तेव्हा सगळ्यांनी तिच्याशी नीट वागायचं असं ठरवून सगळे नीट वागले. आणि मी? पाच वर्षांत मी तिला पहिलं पत्र लिहिलं ते मला लंडनमध्ये फुकट राहायची जागा हवी होती तेव्हा. आमच्या घराण्यानं त्या मुलीला 'पुट अप विथ'च केलं होतं. तिला ते ठाऊक होतं. कुणी तोंडानं बोलत नव्हतं एवढंच. ते मी, व्याकरण तपासून, लेखी कळवलं होतं.

मी तिला म्हटलं, कागद दे. मोडक्या इंग्रजीत तिला सगळी कचेरी काढून दाखवली. हा साहेब, ही फाईल, हे आधीचे कागद, आणि हा शेरा. 'पुट अप विथ प्रीव्हियस पेपर्स.' सव्वीस वर्षं. तिनं तो शेरा दोनदा वाचला. मग शिक्षिकेच्या गंभीर आवाजात विचारलं, "तुमच्या सरकारनं तुम्हाला सव्वीस वर्षं जुने कागद सहन करायला सांगितलं?" म्हटलं, "हो." "आणि तुम्ही केलेत?" म्हटलं, "अजून करतोय." तेव्हा ती हसली, आणि चौथ्या दिवशी आम्ही लंडनला पोहोचलो.

त्या रात्री मला झोप लागेना म्हणून मी भाच्याचा जाडजूड शब्दकोश घेऊन बसलो, आणि माझं परीक्षण खरं तिथून सुरू होतं. माझी या कोशाविरुद्ध तक्रार अशी की त्याला यजमानधर्म कळत नाही. 'पुट अप'खाली त्यानं अर्थांची रांग लावलेली असते, रेशनच्या दुकानापुढे लावावी तशी. एक, दोन, तीन, चार. तंबू ठोकणे, हात वर करणे, छत्री उघडणे, भिंतीला फळी ठोकणे, भाडं वाढवणे, पैसे उभे करणे, उमेदवार उभा करणे, लिलावाला काढणे, पाहुण्याला घरात ठेवून घेणे, आणि 'विथ' लागला तर सोसणे. कोण कुणाला म्हणतो, कधी म्हणतो, हे पुसू नका. पाहुण्याला कुणी 'पुट अप' करतं तेव्हा करणारा यजमान असतो. हॉटेलात 'पुट अप' होणारा स्वतः पाहुणा असतो. आणि 'पुट अप विथ' करणारा, तो बहुतेक वेळा पहिलाच यजमान असतो, पाहुणा दोन आठवडे राहिल्यानंतरचा. इतकी जिवंत माणसं या पाच अक्षरांत वावरतात आणि कोशकार त्यांना नुसते नंबर देतो.

नीट पाहिलं तर या रांगेत दोन वेगळी घराणी मिसळली आहेत. एक घराणं वर जाणाऱ्यांचं. तंबू, छत्री, हात, भाडं, आमची फाईल. यांच्यात 'अप' म्हणजे खरोखरच वर. दुसरं घराणं आत जाणाऱ्यांचं, आणि ते मला शाळेत कुणी दाखवलं नाही. जुन्या इंग्रजीत तलवार 'पुट अप' करायची म्हणजे उगारायची नव्हे, म्यान करायची. 1611 सालच्या इंग्रजी बायबलात योहानाच्या शुभवर्तमानात येशू पीटरला तलवार म्यान करायला सांगतो ते याच दोन शब्दांनी. मास्तरांच्या तक्त्यानं अर्थ लावला तर पीटर तलवार वर करून उभा राहिला असता. घोडा 'पुट अप' करायचा म्हणजे तबेल्यात नेऊन बांधायचा. अमेरिकेतल्या बायका फळं आणि लोणची बरण्यांत भरून ठेवतात, तेही 'पुट अप'च. पूर्वी अपमानही असाच 'पुट अप' करीत, म्हणजे बाहेर न काढता आत ठेवून देत. पुढे त्याला 'विथ' जोडला गेला. म्हणजे तलवार म्यानात, घोडा तबेल्यात, लोणचं बरणीत, पाहुणा घरात आणि अपमान पोटात. आपणही लोणचं 'घालतो' आणि अपराध पोटात 'घालतो'. हे एवढं जरी त्या दिवशी फळ्यावर आलं असतं, तरी घंटेचं मी काही मनाला लावून घेतलं नसतं.

या क्रियापदांपुढे हात टेकणारा मी पहिला नाही, हे वाचून जरा बरं वाटलं. डॉक्टर जॉन्सननं 1755 साली आपला कोश काढला तेव्हा प्रस्तावनेतच कबूल केलं की क्रियापदाच्या शेपटीला असा छोटा शब्द जोडण्याची आमची खोड परक्यांना सगळ्यांत जड जाते, आणि यातले काही अर्थ मूळ शब्दापासून इतके भरकटले आहेत की कितीही हुशार माणसाला त्यांची वाट शोधता यायची नाही. या जातीला 'फ्रेझल व्हर्ब' हे नावसुद्धा रूढ झालं ते लोगन पिअरसॉल स्मिथच्या 1925 सालच्या पुस्तकापासून. म्हणजे इंग्रज शेकडो वर्षं हे बोलत होता आणि आपण काय बोलतो याला नाव ठेवायला त्याला विसावं शतक उजाडावं लागलं.

आपल्याकडे हा प्रकार नाही असं नाही. संस्कृतात 'हृ' धातू एकच. मागे 'प्र' बसला की मार, 'आ' बसला की जेवण, 'वि' बसला की बागेत फिरणं आणि 'सं' बसला की सगळाच कारभार आटोपला. उपसर्ग धातूचा अर्थ बळजबरीनं दुसरीकडे ओढून नेतो, असं जुने वैयाकरणी सांगून गेले आहेत. मराठीत उपसर्ग म्हणजे त्रास असाही अर्थ आहे, तो उगाच नाही. पण आपला उपसर्ग इंजिनासारखा पुढे असतो. गाडी कुठे निघाली ते आधी कळतं. इंग्रजीत तो गार्डाच्या डब्यासारखा मागे, आणि वर तो डबा मनाला येईल तेव्हा सुटून लांब जाऊन उभा राहतो. 'पुट अप द गेस्ट' चालतं, 'पुट द गेस्ट अप'ही चालतं. 'पुट मी अप' चालतं, पण 'पुट अप मी' म्हटलं की हसू. आणि 'विथ' जोडला की डबे घट्ट, मध्ये कुणाला शिरायला जागा नाही. नियम नाही असं नाही, पण नियम सांगण्याआधी इंग्रज माणूस वाक्य बोलून मोकळा झालेला असतो.

हे सगळं मी सकाळी चहाच्या वेळी तिला ऐकवलं. इंग्रजी भाषेवर माझी बरीच टीका झाली. ती शांतपणे उठली आणि आतून एक वही घेऊन आली. ती गुपचूप मराठी शिकत होती. वहीचं एक पान वरपासून खालपर्यंत भरलेलं होतं आणि डोक्यावर देवनागरीत लिहिलं होतं, 'लागणे'.

भूक लागते. ठेच लागते. दिवा लागतो, दार लागतं, फोन लागतो. निकाल लागतो आणि नोकरी लागते. वेड लागतं, दृष्ट लागते, भाजी खारट लागते. "यातलं नक्की काय दुखतं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, ठेच तेवढी दुखते. "मग बस?" पुण्याच्या स्टँडवर कुणी तरी ओरडलं होतं, 'सातारा लागली!', आणि त्याच दिवशी नवऱ्यानं सांगितलं होतं की त्याच्या मावशीला बस लागते. एक बस फलाटावर आणि एक बस पोटात, हे मी तिला समजावून सांगितलं. तिला ते समजलं की नाही ठाऊक नाही, मला मात्र सांगता सांगता घाम आला. मग तिनं शेवटची ओळ दाखवली. पुण्यात एका बाईंनी तिला विचारलं होतं, 'तू अक्कांची कोण लागतेस?' हा प्रश्न तिनं कोशात लावून पाहिला होता आणि अर्थ निघाला होता, तू अक्कांना काय म्हणून दुखावतेस? "त्याचं उत्तर मला देता येईना," ती म्हणाली.

मी म्हटलं, तिथं लागणं म्हणजे नातं. हिनं मध्येच मराठीत सांगितलं, "तू सून लागतेस." तिनं ते वहीत लिहून घेतलं. त्याखाली, माझ्याकडे बघत, लिहिलं, 'मामांना सकाळी दोन कप चहा लागतो'. आणि तिसरा कप आणायला गेली.

राहिलेले अडीच आठवडे मी तिथं काय काय पाहिलं ते इथं सांगत नाही. लंडनची प्रवासवर्णनं भरपूर आहेत. एक दिवस भाच्याला भिंतीवर फळी 'पुट अप' करायला मदत केली, ती तिरकी लागली, एवढी नोंद पुरे.

1995 च्या मे महिन्यात तिचं पत्र आलं. अक्का तेव्हा पुण्याहून आमच्याकडे आली होती. पत्र मराठीत होतं, पहिलंच. ऱ्हस्व-दीर्घाचे बारा वाजले होते. हवा, पाऊस, शाळा, फळी अजून पडली नाही, हे सगळं झाल्यावर खाली तिनं लिहिलं होतं, 'तुम्ही सगळे आम्हाला लागता.'

मी हातात पेन्सिल घेतली. म्हटलं, हे चूक आहे. हिला काय म्हणायचंय? तुमची आठवण येते? तुम्ही आम्हाला हवे आहात? तुम्ही आमचे नातेवाईक आहात? की तुमचं आम्हाला दुखतं? एका वाक्यात चार अर्थ, कोणता धरायचा?

अक्कानं चष्मा मागितला, पत्र हातात घेऊन ती ओळ वाचली, आणि म्हणाली, "बरोबर लिहिलंय की. ठेव ती पेन्सिल."